पानडब्यातली वाकडी नाणी

आजकाल मी नाण्याकडे कोंबडीसारखी पाहते. मान वळवायची, डोळा कोपऱ्यात न्यायचा आणि जे पाहायचं आहे त्याच्याकडे मुळीच पाहायचं नाही. सरळ पाहिलं की नाणं नाहीसं होतं आणि त्याच्या जागी सारवल्यासारखा एक राखाडी डाग येतो. बाजूने पाहिलं तर कडा दिसते, चमक दिसते, माझा अंगठा दिसतो. नाण्यावर काय आहे ते मात्र दिसत नाही. आणि ज्या बाईने उभा जन्म नाण्यावर काय चुकलंय ते पाहण्यात घालवला, तिला अंगठा दाखवणं हा देवाचा जरा हलक्या दर्जाचा विनोद आहे असं माझं मत आहे.

हे मी जाड काळ्या स्केचपेनने लिहिते आहे. एका पानावर जेमतेम पाच-सहा ओळी मावतात आणि त्याही उतरणीला लागलेल्या सायकलीसारख्या खाली पळतात. ज्याला हे टाइप करावं लागेल त्याने मान तिरपी करावी. माझी आता कायमचीच तिरपी आहे.

लग्न होऊन मी प्रताप नगरात आले तेव्हा मला नाण्यांतलं काही कळत नव्हतं. एक दिवस दूधवाल्याने सुट्टे म्हणून एक चार आण्याचं नाणं दिलं. दुसऱ्या दिवशी मी तेच त्याला द्यायला गेले तर म्हणाला, "बाई, हे चालत नाही." म्हटलं, काल तर तूच दिलंस. तर म्हणाला, "म्हणून तर माहीत आहे चालत नाही ते." नाण्यावरची छाप एका बाजूला सरकलेली होती. सिंहांचं अर्धं डोकं कडेबाहेर गेलेलं आणि दुसऱ्या कडेला गुळगुळीत कोरी चंद्रकोर. मी ते भाजीवाल्याला देऊन पाहिलं, किराणावाल्याला देऊन पाहिलं, शेवटी सगळे करतात तेच केलं. देवळात गेले आणि दानपेटीत टाकायला हात पुढे केला.

आमच्या गल्लीतल्या देवळाचे पुजारी तिथेच बसले होते. त्यांनी हातातलं नाणं ओळखलं असावं. म्हणाले, "सूनबाई, जे कुठेच चालत नाही ते सगळं इथे येतं. देवाला कुणी फसवू शकत नाही, पुजाऱ्याला रोज फसवतात." आणि त्यांनी गाभाऱ्याच्या दाराशी ठेवलेली एक पितळी वाटी दाखवली. वाटीत मोडकी, घासलेली, चेपलेली, शेंदूर माखलेली नाणी. त्यात मला आणखी दोन सरकलेली दिसली, आणि एक तर अगदी कोरं, दोन्ही बाजूंनी छापच न पडलेलं. माझं चार आण्याचं नाणं दानपेटीत गेलंच नाही. उलट मी पर्समधली चांगली नाणी वाटीत टाकली आणि ती तीन घरी आणली.

असा माझा संग्रह सुरू झाला. दर एकादशीला मी देवळात जायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून फार देवभोळी आहे हो. सून बिचारी हात जोडून उभी, डोळे मिटलेले, आणि मिटल्या पापणीच्या फटीतून वाटीकडे पाहतेय. पुजारीबुवांना चालणारी नाणी मिळत, मला न चालणारी, आणि सासूबाईंना पुण्यवान सून. तिघांचाही व्यवहार चोख होता.

सासूबाईंच्या मागे त्यांचा पितळी पानडबा मी घेतला आणि त्यात नाणी लावली. सुपारीच्या कप्प्यात सरकलेल्या छापेची, काताच्या कप्प्यात दोनदा ठोका बसून अक्षरं दुहेरी झालेली, लवंगेच्या कप्प्यात कडा कातरल्यासारखी तुटकी. चुन्याच्या डबीत कोऱ्या चकत्या. ही माझी अक्कल. चुना धुतला तरी डबीच्या सांध्यात राहतोच, आणि ओलाव्याने त्या कोऱ्या चकत्यांवर पांढरं कोड उठलं. तेव्हा मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेत होते. खरं तर तेव्हाच जास्त म्हणवून घेत होते.

कारण मधल्या काळात मी पुस्तकं वाचली होती, रविवारी सकाळी बर्डीच्या बाजारातल्या एका गल्लीत बंद दुकानांसमोर नाणीवाले सतरंज्या टाकून बसतात तिथे जायला लागले होते, आणि घड्याळजी लावतात तसं एक भिंग विकत घेतलं होतं. ते भिंग मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, मंगळसूत्राच्या अगदी शेजारी. यजमान म्हणायचे, "दोन्हींपैकी सौभाग्याचं कोणतं ते एकदा सांगून ठेव." आज माझा तेव्हाचा एखादा फोटो समोर असता तर मला हसू आवरलं नसतं. चाळिशीची बाई, वर कॉटनची कडक साडी, हनुवटी जरा वर, आणि गळ्यात भिंग. जणू टांकसाळीच्या मालकीणबाईच फेरी मारायला निघाल्या आहेत.

या धंद्यात एकच प्रश्न असतो. नाणं वाकडं आहे, मान्य. पण कुठे वाकडं झालं? टांकसाळीत, ठसा आणि चकती एकत्र येताना चूक झाली असेल तर ते नाणं जपून ठेवायचं. बाहेर पडल्यावर कुणी हातोडीने ठोकलं, रुळावर ठेवलं, भोक पाडून लेकराच्या करदोट्यात ओवलं, तर तो नंतरचा मार. नंतरच्या माराला संग्राहकाच्या जगात जागा नाही. ओळखायच्या खुणा असतात. टांकसाळीतल्या चुकीत धातू मऊ वाहिलेला दिसतो, माराच्या जागी तो ओरबाडलेला दिसतो. नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटायचं. पुढचा सिंह उभा असेल तर मागचा आकडाही उभा हवा. आकडा आडवा झोपला असेल तर ठसा फिरलेला. पण दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोखंडी शिकंज्यात आवळली आणि एकाची उलटी छाप दुसऱ्यावर उमटवली, तर तो बनाव.

मी हे भिंगातून एका दमात सांगायची. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला, आणि निकाल. "मार आहे." खापरखेड्याहून वीजकेंद्राच्या राखेने काळवंडलेला पैसा घेऊन कुणी यायचं, उमरेडच्या बसने लुगड्याच्या गाठीत नाणं बांधून एखादी म्हातारी यायची. "मार आहे." त्या गल्लीत माझं नाव मारबाई पडलं. मला वाटायचं, केवढा हा मान.

तिथे एक गृहस्थ बसायचे, माझ्याहून जरा मोठे. त्यांना उलट्या छापेच्या नाण्यांचाच नाद, म्हणजे आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्याच्या पाठीवर त्याची खोलगट, आरशातली प्रतिमा उमटते, ती. आम्ही सगळे त्यांना उलटेसाहेब म्हणायचो. त्यांच्या सतरंजीवरचं एक नाणं मी एकदा सगळ्यांसमोर शिकंज्यात आवळलेलं ठरवलं होतं. ते म्हणाले, "बाई, बरोबर आहे तुमचं," आणि नाणं खिशात टाकलं. मी घरी येईपर्यंत हवेतच चालत होते.

आता ती रविवारची गोष्ट. फार जुनी नाही.

पुजारीबुवांचा मुलगा आता देवळात असतो. वाटी अजून आहे, तिच्यात आता बंद झालेली नाणी जास्त येतात. तिच्यात मला एक तांब्याचा जुना पैसा मिळाला, एका बाजूला राजाचं मुंडकं आणि दुसरीकडे वेलबुट्टीच्या आत इंग्रजी अक्षरांच्या ओळी. घरी येऊन भिंग लावलं. मधल्या ओळी फुगलेल्या होत्या. अक्षरं मध्ये वर चढून पुन्हा खाली उतरत होती, कापडाखाली लाडू ठेवल्यासारखी. ठसा वापरून वापरून मध्येच खचला की अशी छाप येते, हे मी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. आमच्या गल्लीत कुणीच पाहिलं नव्हतं.

मी आनंदाने काय केलं असेल? पानडब्याचा मधला कप्पा रिकामा केला. तिथे ते एकटं ठेवलं. स्वतःला साखर घालून चहा केला, जो मला मना आहे. आरशासमोर उभी राहून म्हणाले, "खचलेला ठसा आहे." पुन्हा म्हणाले, जरा सावकाश. सत्तरी उलटलेली बाई तालीम करत होती.

रविवारी ते उलटेसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी भिंगाने पाहिलं. उलटवून पाहिलं. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

"काय?" मी म्हटलं. "बोला ना. का जळफळाट होऊन राहिला?"

"बाई, मला तर ओळी सरळ दिसतात."

"तुमचं भिंग बदला."

"भिंग बदलतो," ते म्हणाले, आणि सतरंजीवरून एक नाणं उचलून माझ्या हातावर ठेवलं. "जरा हे पाहून सांगा."

मी भिंग लावलं. तेही फुगलेलं. "अरे, तुमच्याकडेही आहे आणि बोलला नाहीत?"

"ते दोन रुपयांचं आहे. आत्ताच चहावाल्याने परत दिलं."

मी हसले. त्यांना माझी गंमत करायची आहे असं वाटलं. मग त्यांच्या खांद्यामागे नजर गेली. मागे दुकानाचं शटर बंद होतं. त्याच्या लोखंडी पट्ट्या आडव्या, एकाखाली एक. उजव्या डोळ्याने पाहिलं तर मधल्या सगळ्या पट्ट्या फुगलेल्या. एवढ्या मोठ्या शटरखाली कुणी लाडू ठेवला होता?

मी उजवा डोळा झाकला. शटर सरळ झालं. डावा झाकला. वाकडं झालं. असं मी किती वेळ करत होते कोण जाणे. उलटेसाहेबांनी भिंगाचा दोरा नीट गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवला. गल्लीत कुणीच काही बोललं नाही. मी तिथे जन्मभर जे केलं ते त्यांच्यातल्या एकाने जरी तेव्हा केलं असतं, नुसतं "मार आहे" म्हटलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी मला ऑटो करून दिला.

डॉक्टर तरुण होती. तिने डोळ्यात थेंब टाकले, यंत्राला हनुवटी टेकवायला सांगितली, मग चौकोनांची जाळी छापलेला एक कागद दिला. मध्ये काळा ठिपका. रोज एकेका डोळ्याने ठिपका पाहायचा, जाळी कुठे वाकते ते सांगायचं. मी विचारलं, "हे जन्मजात आहे की नंतरचं?"

"वयामुळे होतं, आजी. पडद्याच्या मधल्या भागात."

"म्हणजे नंतरचा मार."

तिला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. कडेकडेचं दिसत राहील, घरात चालता-फिरता येईल. वाचणं, शिवणं, माणसाचा चेहरा, हे कठीण होत जाईल. ती फार हळू आवाजात बोलत होती. मी तिला म्हटलं, "मोठ्याने सांग पोरी, कान अजून टांकसाळीतून आलेत तसेच आहेत." ती हसली. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि माझी काठी कुठे ठेवली ते मला आठवेना. ती हातातच होती.

इंजेक्शनं घेतली. डोळ्यात सुई घेताना हलायचं नसतं. मला वाटायचं, चकती झाले आहे, वरून ठसा येतो आहे, हलले तर छाप सरकेल. काही महिने ओळी थोड्या कमी फुगल्या. मग मध्ये तो राखाडी डाग आला आणि वाढला. आणि एक दिवस सकाळी डाव्या डोळ्याने जाळी पाहिली, तर एका कोपऱ्यातली रेघ जराशी, अगदी जराशी, वाकली होती. मी कागद फ्रिजवरून काढला आणि घडी करून ओट्याखाली टाकला. दूरदेशी असलेल्या नातीने फोनमध्ये नाणं ताटाएवढं मोठं दिसेल अशी सोय करून दिली. ताटाएवढं झालं. आणि ताटाएवढं वाकडं झालं.

धाकटी जाऊ तेव्हाच आली. उमरेडला तिचं घर आहे, मुलगा-सून आहेत. आली ती एका पिशवीत दोन पातळं घेऊन, "आठ दिवस राहतो बाई" म्हणत. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. तिला नाण्यांचं काही नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं एकच मत होतं: "देवाच्या वाटीतलं खोटं काहून घरात आणता वं बाई?"

मीच एका दुपारी म्हटलं, "बस माझ्याजवळ. तू पाहा आणि मला सांग. ओळखायचं मी ओळखीन."

ती बसली. देवळातल्या वाटीतली नाणी मी आणवून घेतली होती. तिने एक उचललं. "सिंह हाय."

"ते मलाही माहीत आहे. छाप मधोमध आहे का? चारी बाजूंनी कड सारखी आहे?"

"सारखी हाय."

"अक्षरं दुहेरी?"

"नाही वं बाई. सरळच हाय."

दुसरं सरळ. तिसरं सरळ. तेव्हा माझा चेहरा पडला असावा. माझा चेहरा तिला दिसतो, ही या घरातली विषमता आहे. पुढच्या वेळी तिने वाटीतलं पहिलंच नाणं उचललं आणि म्हणाली, "बाई, हे जरासं वाकडं वाटून राहिलं मले."

मी पुढे सरकले. "कुठे?"

"हे काय, सिंहाच्या कानापाशी."

"सरकलंय की दुहेरी आहे?"

"दोन्ही," ती म्हणाली.

मी ते पानडब्यात ठेवायला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या वाटीला बरकत आली. एकही बैठक रिकामी गेली नाही. कधी कड तुटलेली, कधी आकडा आडवा, कधी चंद्रकोर कोरी. खुणांची नावं तर मीच तिला शिकवली होती. टांकसाळीतल्या कामगारांनी कधी इतक्या चुका केल्या नसतील तेवढ्या माझ्या जावेने प्रताप नगरात बसून केल्या.

मी मूर्ख नाही. म्हणजे होते, पण इतकी नाही. एका दुपारी ती भाजीसाठी बाहेर गेली तेव्हा मी पर्समधून एक नाणं काढलं. रिक्षावाल्याने दिलेलं, नवंकोरं, बोटाला कड न् कड सारखी लागणारं. ती आल्यावर म्हटलं, हे पाहा गं, वाटीच्या तळाशी होतं.

"अवं बाई," ती म्हणाली, "याची तं अक्षरं भल्ली सरकली हाय."

मी ते परत घेतलं. पदराखाली हात नेला, तेच पुन्हा काढलं. "आणि हे?"

"याचा आकडा झोपला हाय."

तिसऱ्यांदा तेच दिलं. ती जरा थांबली. मला वाटलं, ओळखलं आता. मग म्हणाली, "याले चंद्रकोर हाय, तुमच्या त्या पहिल्या नाण्यासारखी."

मला हसू आलं. अगदी पोटातून आलं, आणि ती पण हसायला लागली, काय झालं ते न कळताच. मी मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. अंबाडा दिसला, कानातली कुडी दिसली, खांद्यावरचं पातळ दिसलं. मध्ये जिथे तोंड असतं तिथे डाग होता. बाजारात मी माणसाच्या ओठांवरून ओळखायची की तो नाणं खपवतो आहे की त्यालाही खरंच वाटतं आहे. आता माझ्यासमोर माझी सख्खी जाऊ बसली होती आणि तिला दया येत होती की भीती वाटत होती की नुसतीच करमणूक चालली होती, ते मला ओळखता येईना. माझं हसू कधी थांबलं ते तिच्या लक्षात आलं नाही. की आलं. तेही मला माहीत नाही.

"कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"सुपारीच्या कप्प्यात," मी म्हटलं.

मागच्या महिन्यात उलटेसाहेबांचा फोन आला. गल्लीत आता नवी मुलं-मुली येतात, त्यांना शिकवायला चुकांचे नमुने हवेत. "बाई, तुमच्या डब्यासारखा डबा विदर्भात नाही," ते म्हणाले. खरं बोलले. मग जरा घुटमळले. "माझ्या कानावर आलं, हल्ली बरीच भर पडली आहे. मी येऊन बसतो. जुनी-नवी वेगळी करून देतो. तासाभराचं काम."

जाऊ स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता. आमचं घर काही मोठं नाही, आणि फोन मी मोठ्या आवाजावर ठेवते.

ते आले असते तर पानडबा जमिनीवर उपडा करून एकेक नाणं भिंगाखाली धरलं असतं. हे खरं, हे नाही. हे नाही. हेही नाही. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं असतं. मी कितीदा ऐकवलं आहे ते लोकांना, गळ्यात भिंग घालून.

"नको," मी म्हटलं. "सगळी मीच ओळखून लावलीत. त्यात वेगळं करण्यासारखं काही नाही."

ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, बाई."

फोन ठेवल्यावर मी पानडबा मांडीवर घेतला. सुपारीचा कप्पा आता इतका भरला आहे की झाकण नीट बसत नाही. मी त्यातून दूधवाल्याचं ते चार आण्याचं नाणं शोधू लागले. त्याची कोरी चंद्रकोर अंगठ्याला लागायची, डोळे मिटूनही सापडायचं. पण माझा अंगठा आता जाड झाला आहे, आणि वापरून गुळगुळीत झालेली नाणी सगळीच एका बाजूने कोरी लागतात. एक लागलं, वाटलं हेच. मग दुसरं लागलं, तेही हेच वाटलं.

जाऊ पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "काय शोधून राहिल्या वं?"

"काही नाही. तू जेवायला वाढ."

ती आत गेली नाही. माझ्यापाशी बसली, कप्प्यात हात घातला आणि एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "हे काय," ती म्हणाली. "हेच ना?"

मी मान वळवली, डोळा कोपऱ्यात नेला. कडा दिसली, चमक दिसली, तिच्या बोटाचं पीठ दिसलं.

"हेच," मी म्हटलं.